न फोडता पुरलेली अंडी

पहिल्या खेपेची ३७ अंडी मी परसातल्या फणसाखाली खड्डा करून पुरून टाकली. उबवणीच्या मशीनमध्ये ४८ ठेवली होती, पिल्लं निघाली ११. त्यातलीही दोन दुसऱ्या दिवशी गेली. घरभर वास सुटला होता, मन खट्टू झालं होतं, एकही अंडं फोडून बघावंसं वाटलं नाही. उबवणीत मी पुष्कळ चुका केल्या, पण सगळ्यांत महाग पडली ती हीच. बाकीच्या चुका कुठे झाल्या हे त्या अंड्यांनीच मला सांगितलं असतं.

आमचं गाव चिपळूण तालुक्यातलं. दहा-बारा गावठी कोंबड्या घरी कायम असतात. पिल्लांना मागणी वाढली म्हणून ४८ अंड्यांचं मशीन घेतलं. त्याच आठवड्यात सासूबाईंनी खुडूक झालेली एक कोंबडी १२ अंड्यांवर रवणीला बसवली आणि एकविसाव्या दिवशी तिच्याखालून ११ पिल्लं बाहेर आली. एकच घर, एकच हवा. मी मशीनला दोष दिला, मशीन विकणाऱ्याने अंड्यांना. जुलैमध्ये पुन्हा ४० अंडी ठेवली, निघाली १३.

या वेळी ओळखीच्या एका निवृत्त पशुधन पर्यवेक्षकांना फोन केला. त्यांचा पहिलाच प्रश्न होता, "ताई, राहिलेली फोडून बघितलीत का?" दुसरा प्रश्न, "पिल्लं कितव्या दिवशी निघायला लागली?" मी म्हटलं, एकोणिसाव्या. ते म्हणाले, "मग मशीन जास्त तापतंय. आधी अंडी फोडा, मग बोलू."

पडवीच्या बाहेर, नाकाला ओढणी बांधून, राहिलेली २७ अंडी एकेक करून जुन्या परातीत फोडली. नासलेलं अंडं हातात फुटतं, म्हणून हे काम घराबाहेरच करावं आणि बोथट बाजूने करावं. ८ अंडी कोरी निघाली. पाचांत बारीक लाल कडी होती, म्हणजे जीव धरून तीन-चार दिवसांत गेलेला. दोन मधल्या दिवसांत गेलेली. आणि १२ अंड्यांत पुरतं वाढलेलं पिल्लू.

त्यातलं एक अजून डोळ्यांसमोर आहे. पिसं आलेली, नखं आलेली, चोचीच्या टोकावर कवच फोडायचा तो पांढरा दाणासुद्धा होता. अंगाने सुजल्यासारखं फुगलेलं, पिसं चिकट ओली, बलक अजून निम्मा पोटाबाहेर. बोथट टोकाला हवेची जी पोकळी मोठी व्हायला हवी होती ती जेमतेम एक रुपयाच्या नाण्याएवढी. पिल्लू पहिला श्वास त्याच पोकळीतला घेतं. याला तिथे वळायलाच जागा उरली नव्हती. सगळं करून शेवटच्या दिवशी ते आत गुदमरलं, आणि ते मी घातलेल्या पाण्यामुळे.

दमटपणाचं हे गणित कोकणातल्या प्रत्येकाने नीट समजून घ्यावं असं मला वाटतं. अंड्यातलं पाणी कवचाच्या छिद्रांतून हळूहळू उडून जायला हवं. अठराव्या दिवसापर्यंत अंड्याचं वजन साधारण १२ ते १४ टक्के घटावं लागतं, तरच पोकळी पुरेशी होते. पुस्तिकेत लिहिलेलं असतं की पहिले १८ दिवस आर्द्रता ५० ते ५५ टक्के ठेवा आणि पाण्याचा चर भरा. आमच्याकडे पावसाळ्यात बाहेरची हवाच २७ अंशाला ९० टक्के दमट असते. तीच हवा मशीनमध्ये ३७.५ अंशांपर्यंत तापली की आर्द्रता आपोआप ५० टक्क्यांच्या आसपास येते. एक थेंबही न घालता! त्यावर मी रोज चर भरत होते. उलट एप्रिलमध्ये माण-खटावकडे ३५ अंश उन्हात हवेत २० टक्के दमटपणा असेल, तर तापवल्यावर तो १७-१८ वर येतो. तिथे दोन्ही चर भरूनही कमी पडेल. तेव्हा पाणी किती घालायचं हे पुस्तिकेवर सोडू नका, अंडं तोलून ठरवा. घरातला साधा डिजिटल काटा पुरतो. दहा अंडी एकत्र तोलायची. माझी दहा ४४० ग्रॅम भरतात. सातव्या दिवशी ती ४१८ च्या जवळ यायला हवीत आणि अठराव्या दिवशी ३८० ते ३८५. घट कमी दिसली तर पाणी काढा, जास्त दिसली तर वाढवा.

काटा नसला तर टॉर्च. अंधाऱ्या खोलीत बोथट टोकाला मोबाईलचा उजेड लावून सातव्या, चौदाव्या आणि अठराव्या दिवशी पोकळीची कड पेन्सिलने कवचावर आखायची. आखलेल्या रेघा एकमेकींपासून लांब जात असतील तर ठीक चाललंय.

आता मीटर. मशीनवर दिसणारा आकडा खरा मानणं ही माझी दुसरी मोठी चूक. झाकणात मीठ घेऊन ते पाण्याच्या थेंबांनी फक्त ओलसर करायचं, आर्द्रतामापकासह घट्ट झाकणाच्या डब्यात आठ तास ठेवायचं. मापकाने ७५ दाखवायला हवेत. माझ्याने ६६ दाखवले. म्हणजे ६० समजून मी ६९ वर अंडी उबवत होते. तापमानासाठी ताप बघायचा डिजिटल थर्मामीटर आणि मशीनचा सेन्सर कोमट पाण्याच्या एकाच पेल्यात धरले; सेन्सर जवळजवळ एक अंश कमी सांगत होता. मशीनवर ३७.५ आणि अंड्यापाशी साडेअडतीस. पंख्याच्या मशीनमध्ये ३७.५ ते ३७.७ पाहिजे. एवढ्याशा एका अंशाने पिल्लं एकोणिसाव्या-विसाव्या दिवशी घाईने निघतात, बेंबी उघडी राहते आणि दोन दिवसांत मरतात. पहिल्या खेपेची ती दोन अशीच गेली असणार. याउलट बाविसाव्या-तेविसाव्या दिवशी निघाली तर मशीन थंड चाललंय असं समजा. पंखा नसलेल्या साध्या पेटीत मात्र अंड्यांच्या वरच्या कडेशी ३८.३ ते ३८.९ लागतात, कारण तिथे वर ऊन आणि खाली गार असते.

कोऱ्या आठ अंड्यांचा दोष मशीनचा नव्हताच. ती मी ज्या घरून आणली तिथे पंचवीस कोंबड्यांमागे एकच कोंबडा होता. गावठीत आठ-दहा कोंबड्यांना एक धरावा. आणि लाल कड्या? ती अंडी दहा-बारा दिवसांची होती, स्कूटरच्या डिकीतून खडखडत आणलेली, वर मी ती स्वच्छ दिसावीत म्हणून धुतली होती. धुतलं की कवचावरचा नैसर्गिक लेप जातो आणि घाण छिद्रांतून आत शिरते. सासूबाई कधीच धुवत नाहीत. फार मोठं, वाकडं किंवा खरबरीत अंडं त्या बाजूला काढतात, आठवड्याच्या आतलीच घेतात, आणि सावलीत भाताच्या तुसात निमुळतं टोक खाली करून ठेवतात. त्यांच्या ११ पिल्लांत निम्मं श्रेय या निवडीचं होतं, हे मला फार उशिरा कळलं. फ्रिजमधली अंडी वापरू नका. लांबून आणलेली असतील तर मशीनमध्ये घालण्याआधी एक दिवस तशीच उभी शांत राहू द्या.

शेवटचे तीन दिवस सगळ्यांत नाजूक. अठराव्या दिवशी अंडी फिरवणं बंद, आर्द्रता ६५ ते ७० वर, आणि झाकण बंद. मी दर पिल्लामागे झाकण उघडत होते, "बिचारं वाळलं, काढून घेऊ" म्हणून. दर वेळी ओल बाहेर जायची आणि ज्यांनी नुकतं भोक पाडलं होतं त्यांच्या अंगाभोवती पडदा कागदासारखा आवळायचा. निघालेलं पिल्लू पोटात ओढून घेतलेल्या बलकावर दोन दिवस सहज काढतं, त्याला दाण्यापाण्याची घाई नसते. भोक पडल्यापासून बाहेर येईपर्यंत बारा ते चोवीस तास लागू शकतात. हात आवरा, फार लवकर सोलायला गेलं तर रक्त येतं. पाऊस म्हणून मी हवेच्या खिडक्यांत कापूस कोंबला होता, तोही काढून टाकला. आत श्वास घेणारी चाळीस पिल्लं असतात, त्यांना हवा लागते.

वीज गेली तर घाबरून झाकण उघडू नका, वर गोधडी टाका आणि हवेची भोकं मोकळी ठेवा. चार तास गार झालेलं अंडं बहुतेकदा सावरतं. चाळीसच्या वर तापलेलं सावरत नाही, म्हणून पेटी उन्हाच्या खिडकीशी ठेवू नये.

तिसऱ्या खेपेला ४० ठेवली, २८ निघाली. राहिलेल्या बारांतली ५ कोरी, दोहोंत लाल कडी, एक तडकलेलं आणि नासलेलं, आणि चारांत पूर्ण पिल्लू. त्या चारांतल्या दोघांचं डोकं निमुळत्या टोकाकडे होतं, म्हणजे ट्रेमध्ये ठेवताना बोथट टोक खाली गेलं असणार. वहीत तसं लिहून ठेवलंय. या खेपेची अंडी काल संध्याकाळी आली, ती तुसाच्या टोपलीत आहेत, आणि प्रत्येकाच्या बोथट टोकावर मी पेन्सिलने फुली केली आहे.