सशस्त्र दरोडा आणि पोलिसांची सुरक्षितता

आदिलाबाद जिल्हा महाराष्ट्राच्या सीमेस लागून आहे. पैनगंगा ओलांडताच राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४४ यवतमाळ जिल्ह्यात प्रवेश करतो. दरोडा घालून पळणाऱ्या टोळीस हा मार्ग सोयीचा असल्याने येथील नाकाबंदीवरील शिपायास सशस्त्र गुन्हेगारांना अकस्मात सामोरे जावे लागण्याचा संभव असतो.

या दृष्टीने तेलंगणातीलच सूर्यापेट येथील घटना अभ्यसनीय आहे. १ व २ एप्रिल २०१५ च्या मधल्या रात्री तेथील बसस्थानकावर प्रवाशांची तपासणी चालू असता दोघा संशयितांनी गोळीबार केला. त्यात शिपाई लिंगय्या व होमगार्ड महेश यांना प्राण गमवावे लागले. प्रारंभी दरोडेखोर समजले गेलेले हे हल्लेखोर खांडव्याच्या तुरुंगातून २०१३ मध्ये पळालेले बंदी असल्याचे पुढे निष्पन्न झाले. ४ एप्रिल रोजी जानकीपुरम येथील चकमकीत ते ठार झाले. परंतु तेथे जखमी झालेले उपनिरीक्षक सिद्धय्या ७ एप्रिल रोजी मरण पावले. नेहमीच्या तपासणीतही समोरील व्यक्ती सशस्त्र असू शकते, हे गृहीत धरूनच पोलिसांनी वागले पाहिजे, हा या घटनेचा धडा होय.

वर्दी मिळताच इसमांची संख्या, शस्त्रे, वाहन व पळण्याची दिशा विचारून घ्यावी. आदिलाबादेत तेलुगू, मराठी, गोंडी व उर्दू बोलली जाते. म्हणून ऐकलेला मजकूर सांगणाऱ्यास पुन्हा वाचून दाखवावा. गोळीरोधक जाकीट निघण्यापूर्वीच अंगावर चढवावे. वाहन बँकेच्या दारासमोर न नेता अलीकडे थांबवावे. मोटारीचे दार गोळी अडवीत नाही. जाड भिंतीचा किंवा इंजिनाच्या भागाचा आडोसा घ्यावा. आत गोळीबार चालू नसल्यास एकट्याने आत शिरू नये. बाहेर पडण्याच्या वाटांवर नजर ठेवून कुमक येऊ द्यावी व सीमेपलीकडील नियंत्रण कक्षास तत्काळ कळवावे.

तपासणीच्या वेळी एकाने बोलावे व दुसऱ्याने थोडे दूर, बाजूस उभे राहून संशयिताच्या हातांवर लक्ष ठेवावे. एक पकडला गेला तरी साथीदार जवळपास असू शकतो. पाच किंवा अधिक इसम असल्यासच कायद्यात ‘दरोडा’ ठरतो. परंतु ती गणना न्यायालयासाठी आहे, घटनास्थळी सावधगिरी एकासाठीही तितकीच हवी.

कुमकेसाठी थांबणे हा भ्याडपणा नव्हे. गेलेली रोकड तपासाअंती परत मिळू शकते. शिपाई मात्र त्याच्या कुटुंबास परत मिळत नाही. प्रत्येक ठाणेप्रमुखाने हजेरीच्या वेळी आपल्या कर्मचाऱ्यांना हे समजावून सांगणे अगत्याचे आहे.