गारांनंतरचं पाणी

सिडनीतलं आमचं भाड्याचं घर कौलारू होतं. मी कोकणातला, कौलांखालीच वाढलेला. त्यामुळे त्या छपरावर माझा फार भरवसा होता.

14 एप्रिल 1999, बुधवार. तिकडे एप्रिल म्हणजे शरद ऋतू, गारांचा हंगाम सरलेला. दक्षिणेकडून किनाऱ्याकिनाऱ्याने येणारं वादळ समुद्रावर निघून जाईल असाच समज होता. संध्याकाळी साडेसातच्या सुमारास ते शहराच्या पूर्व भागावर आलं.

पहिली गार गाडीच्या टपावर पडली तेव्हा कुणी वीट फेकली असं वाटलं. गाडी झाडाखाली लावायला मी धावलो. बायकोने सदरा धरून मागे ओढलं आणि त्याच क्षणी समोरच्या पायरीवर चेंडूएवढी गार फुटली. त्या संध्याकाळी काही गारा 9 सेंटीमीटरपर्यंत होत्या. हजारो गाड्या चेपल्या, विमानतळावरची विमानंही सुटली नाहीत. गाडीपायी डोकं फोडून घेऊ नका.

गारा थांबल्या, आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला आणि इथेच चुकलो. काचा झाडत बसलो, वर पाहिलंच नाही. कौलं फुटली होती, पण खालच्या प्लास्टरच्या छतामुळे भोकं दिसत नव्हती. गावाकडे कौल फुटलं की आभाळ दिसतं, इथे ते झाकलेलं. रात्री पुन्हा पाऊस आला. निजायच्या खोलीतलं छत झोळीसारखं लोंबलं आणि सगळं पाणी घेऊन पलंगावर कोसळलं. पलंगाखालच्या पेटीत आईची पत्रं होती. शाई विरघळली, एकही पत्र वाचता येईना.

म्हणून सांगतो, गारा थांबताच टॉर्च घेऊन प्रत्येक खोलीचं छत पाहा. ओल दिसली तर आधी विजेचा मेन स्विच बंद करा. छत फुगलं असेल तर खाली बादली ठेवा, बाजूला उभं राहून पेचकसाने लहानसं भोक पाडा, पाणी हळूहळू उतरू द्या. कागदपत्रं प्लास्टिकच्या पिशवीत घाला. रात्री ओल्या कौलांवर मात्र चढू नका.

दुसऱ्या दिवशी दुकानांत ताडपत्री मिळेना. वीस हजारांहून अधिक इमारतींचं नुकसान झालं होतं, कौलं बसवणारे कारागीर महिनोन्‌महिने अडकलेले. ताडपत्री आणि दोरी आधीच घरात हवी.

विमा कंपन्यांना त्या एका वादळापायी सुमारे 170 कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर मोजावे लागले. त्यातला एक डॉलरही आमचा नव्हता. घरमालकाचा विमा घराचा होता, भाडेकरूच्या सामानाचा नव्हे, हे मला भिजलेल्या गादीवर उभं राहून कळलं. महाराष्ट्रातही गाडीचा नुसता थर्ड पार्टी विमा असेल, तर गारांनी फुटलेल्या काचेचे पैसे मिळत नाहीत.

आज संध्याकाळी विम्याचा कागद बाहेर काढा आणि त्यात गारपिटीचा उल्लेख आहे का, तेवढं पाहा.