रक्तातील मूलपेशी, सिकलसेल आणि आपण



पंचशीलावरील अभ्यासवर्गात एक प्रश्न आला होता. स्टेम सेल उपचारांसाठी भ्रूण नष्ट करतात, मग पहिले शील पाळणाऱ्याने ते घ्यावेत का? प्रश्न योग्य आहे, पण त्यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्या आहेत.

स्टेम सेल म्हणजे मूलपेशी, जिच्यापासून इतर प्रकारच्या पेशी तयार होतात. १९९८ मध्ये अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात जेम्स थॉमसन यांनी मानवी भ्रूणातून अशा पेशी काढून प्रयोगशाळेत वाढवल्या. टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारातून उरलेले, काही दिवसांचे भ्रूण त्यासाठी वापरले होते. नैतिक वाद मुख्यतः इथून पेटला. विनयपिटकातील तिसरा पाराजिक मनुष्यजीव आईच्या उदरात पहिले चित्त उत्पन्न होते तेव्हापासून धरतो. त्यामुळे आक्षेप घेणाऱ्यांना आधार आहे, तो हसण्यावारी नेता येणार नाही. ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेब मात्र अहिंसेला नियम न मानता तत्त्व मानतात, आणि मारण्याची इच्छा व मारण्याची गरज यांत फरक करतात. म्हणजे तयार उत्तर मिळत नाही, विचार आपल्यालाच करावा लागतो. पुढे २००६ मध्ये जपानच्या शिन्या यामानाका यांनी उंदराच्या साध्या पेशींचे मूलपेशींसारख्या पेशींत रूपांतर करून दाखवले, पुढच्या वर्षी मानवी पेशींवरही ते जमले, आणि वादाची धार थोडी कमी झाली.

पण रुग्णालयांत आज सर्रास वापरल्या जातात त्या मूलपेशी रक्ताच्या. त्या मोठ्या माणसाच्या अस्थिमज्जेत असतात, बोन मॅरो ट्रान्सप्लांटमध्ये त्याच देतात. यात भ्रूणाचा संबंधच नाही. आणि आपल्या समाजाचा खरा संबंध आहे तो याच पेशींशी.

विदर्भातून आलेल्या घरांना सिकलसेल म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. तिथल्या आदिवासी समाजांत आणि पूर्वाश्रमीच्या महार, म्हणजे आजच्या बौद्ध समाजात हा आजार मोठ्या प्रमाणावर आहे. हिमोग्लोबिनच्या जनुकातील एक अक्षर बदललेले असते, तेवढ्याने तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदना होतात. आईवडील दोघेही वाहक, म्हणजे ‘एएस’ असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळ ‘एसएस’ रुग्ण असण्याची शक्यता चारात एक.

जुळणाऱ्या सख्ख्या भावंडाच्या मूलपेशी दिल्या तर हा आजार बरा होऊ शकतो. पण एखादे भावंड पूर्ण जुळण्याची शक्यताही चारात एकच. ज्यांना असे भावंड नाही त्यांच्यासाठी कॅसजेव्ही हा उपचार आला. ब्रिटनने नोव्हेंबर २०२३ मध्ये जगात सर्वप्रथम त्याला मान्यता दिली आणि जानेवारी २०२५ मध्ये इंग्लंडच्या एनएचएसने तो सिकलसेलसाठी स्वीकारला. रुग्णाच्याच मूलपेशी काढून त्यांत क्रिस्पर तंत्राने बदल करतात आणि परत देतात. आम्हा संगणकवाल्यांना गंमत वाटेल, मूळचे चुकलेले अक्षर दुरुस्त करतच नाहीत! गर्भातले हिमोग्लोबिन जन्मानंतर बंद करणारी जी कळ असते, तिलाच निकामी करतात. मग शरीर ते जुने, निर्दोष हिमोग्लोबिन पुन्हा बनवू लागते.

मात्र त्याआधी तीव्र केमोथेरपीने जुनी मज्जा रिकामी करावी लागते आणि त्यात मूल होण्याची क्षमता जाऊ शकते. बारा-तेरा वर्षांच्या मुलीच्या वतीने आईवडिलांनी हा निर्णय कसा घ्यायचा? मला हा प्रश्न भ्रूणाच्या प्रश्नाहून अवघड वाटतो. दुसरा प्रश्न पैशाचा. या उपचाराची इथली जाहीर किंमत माणशी साडेसोळा लाख पौंड, म्हणजे सतरा कोटी रुपयांहून अधिक. इथे एनएचएस तो भार उचलते. गडचिरोली-चंद्रपूरच्या मुलाला आज आधार आहे तो हायड्रॉक्सीयुरियाच्या गोळीचा. ती गोळीही उपयुक्त आहे, गर्भातले हिमोग्लोबिन तीही वाढवते. पण ती रोज, न चुकता मिळाली पाहिजे. गावी मदत पाठवताना ती तालुक्याच्या दवाखान्यात मिळते का, एवढे तरी विचारावे.

बाळाच्या नाळेतले रक्त खासगी बँकेत ठेवा, अशा जाहिराती गरोदर जोडप्यांना दिसतात. बाळाला सिकलसेल असेल तर त्याच्या नाळेतल्या पेशींतही तोच दोष असतो, त्या त्याला उपयोगी पडत नाहीत. आजारी भावंडासाठी डॉक्टरांनी सांगितले असेल तर गोष्ट वेगळी. गुडघ्यापासून मधुमेहापर्यंत सगळ्यावर स्टेम सेलचे इंजेक्शन विकणाऱ्या दवाखान्यांबाबत तर कालाम सुत्ताची आठवण पुरे.

बाबासाहेबांनी १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात जातीअंतर्गत विवाहालाच जातिसंस्थेचे मूळ म्हटले. वाहकाला वाहक भेटतो तोही बऱ्याचदा याच बंद वर्तुळात. आपल्या वधू-वर मेळाव्यांच्या फॉर्मवर उंची, पगार, व्हिसा असतो, सिकलसेलचा रकाना क्वचितच. इथे जन्मलेल्या बाळांची टाचेच्या रक्तातून तपासणी होते, पण भारतातून आलेल्या आपल्यापैकी अनेकांची कधीच झालेली नाही. जीपीकडे साधी रक्ततपासणी मागावी. वाहक असणे हा आजार नाही आणि लग्न मोडण्याचे कारणही नाही.

राहिले दान. ल्युकेमियासारख्या आजारांत परक्या दात्याच्या मूलपेशी जीव वाचवतात, पण जुळणी वंशावर बरीच अवलंबून असते. ब्रिटनमध्ये गोऱ्या युरोपीय रुग्णाला चांगला जुळणारा दाता मिळण्याची शक्यता सुमारे ७२ टक्के, अल्पसंख्याक वंशांच्या रुग्णाला सुमारे ३७ टक्के. आपले लोक यादीत कमी, म्हणून आपल्या रुग्णांना दाते कमी. अँथनी नोलन संस्थेकडे १६ ते ३० वयात नाव देता येते, डीकेएमएसकडे ५५ पर्यंत. पाकीट घरी येते, गालाच्या आतून बोळा फिरवून परत पाठवायचे. बोलावणे आले तर बहुतेकदा चार दिवस इंजेक्शने आणि मग रक्तदानासारखे चार-पाच तास. नाव देण्यापूर्वी घरच्यांशी नीट बोलून घ्या. रुग्णाची मज्जा केमोथेरपीने रिकामी केल्यावर दाता मागे फिरला, तर त्या रुग्णाच्या जिवावर बेतते.