दुकानासमोरची जागा: फुकट बरी की भाड्याची?

व्यापारी बांधवांनो, रस्त्यावर गाडी उभी करण्याचा दर महानगरपालिकेने वाढवायचा म्हटला की बाजारात पहिली हाक उठते ती बंदची. गिऱ्हाईक पळेल, धंदा बसेल, असे आपण सर्वजण म्हणतो. मीही अनेक वर्षे तेच म्हणत आलो. परंतु या विषयावर जे वाचनात आले, त्याने माझे मत डळमळले. त्यासाठी अमेरिकेतील दोन बाजारांचा हिशेब समोर ठेवतो. दोन्ही लॉस एंजेलिसच्या परिसरातले, दोन्ही सिनेमागृहे आणि खाणावळी यांच्यावर चालणारे, म्हणजे खरा गल्ला संध्याकाळनंतर भरणारे.

पहिला बाजार ओल्ड पॅसाडेना. पॅसाडेना शहराची ही जुनी पेठ. एके काळी भरभराटीची, पुढे इतकी ओस पडली की इमारती पाडून टाकण्याची भाषा सुरू झाली. १९८० च्या दशकात जुन्या इमारतींची डागडुजी होऊन थोडी जान आली, पण गाडी लावायला जागा मिळेना. रस्त्यावर भाडे नव्हते, फक्त दोन तासांची मर्यादा होती. मग जागा जात कुठे होती? दुकानांचे मालक आणि नोकर सकाळी आपल्याच गाड्या तिथे लावत आणि दोन तास झाले की जरा पुढे सरकवत. गिऱ्हाईक चकरा मारून परत जाई.

नगरपालिकेने मीटर बसवायचे ठरवले, तेव्हा व्यापाऱ्यांनी विरोध केला. दोन वर्षे वाद चालला. शेवटी नगरपालिकेने एक गोष्ट कबूल केली आणि वाद मिटला: मीटरचा सर्व पैसा त्याच पेठेवर खर्च होईल. १९९३ मध्ये मीटर बसले. दर तासाला एक डॉलर, म्हणजे त्या वेळच्या भावाने सुमारे एकतीस रुपये. संध्याकाळी आणि रविवारीही भाडे लागू. ही संध्याकाळची अट महत्त्वाची आहे. मीटर सहा वाजता बंद झाले तर खाणावळीचा नोकर साडेपाचला येऊन गाडी लावणार आणि मध्यरात्री काढणार. म्हणजे गिऱ्हाईक येण्याच्या नेमक्या वेळी जागा अडलेली.

येणाऱ्या उत्पन्नाच्या भरवशावर नगरपालिकेने ५० लाख डॉलरचे कर्ज काढले. फुटपाथ, दिवे, झाडे, बाके झाली. मागच्या घाणेरड्या गल्ल्या चालण्याजोग्या झाल्या. २००१ पर्यंत तेथील ६९० मीटरांतून, वसुलीचा खर्च जाऊन, वर्षाला १२ लाख डॉलर उरत होते आणि ते त्याच पेठेच्या साफसफाईवर, बंदोबस्तावर आणि दुरुस्तीवर लागत होते. जवळच १९८० साली उघडलेला एक मोठा बंदिस्त मॉल होता, तिथे पार्किंग फुकट. विक्रीकराच्या उत्पन्नात भाड्याची पेठ त्या फुकट मॉलच्या पुढे गेली. मॉल पुढे पाडावा लागला आणि २००१ मध्ये तिथे उघड्या रस्त्यांची नवी बाजारपेठ उभी राहिली.

दुसरा बाजार वेस्टवुड व्हिलेज, मोठ्या विद्यापीठाच्या दारातला. १९८० च्या दशकापर्यंत तरुण मंडळी पॅसाडेनाकडे बघतही नसत, वेस्टवुडला गर्दी करत. पण तेथे जागा शोधायला सरासरी ३.३ मिनिटे फिरावे लागे. ऐकायला थोडे वाटते. पंधरा चौकांच्या त्या भागात वर्षभराची ही व्यर्थ भटकंती साडेनऊ लाख मैल भरत होती, असा हिशेब तिथल्याच विद्यापीठाचे प्राध्यापक डोनाल्ड शूप यांनी मांडला. (हयातभर पार्किंगचाच अभ्यास केलेले हे गृहस्थ २०२५ मध्ये वारले.) धंदा मंदावला, तेव्हा वेस्टवुडच्या व्यापाऱ्यांनी आपल्यासारखीच मागणी केली: दर कमी करा. १९९४ मध्ये दर एका डॉलरवरून अर्ध्या डॉलरवर आला. बाजार वर आला नाही. जागा पूर्वीइतकीच भरलेली, आणि पैसा शहराच्या मोठ्या तिजोरीत जात असल्याने फुटपाथ उखडलेले ते उखडलेलेच.

इथे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे की सगळे श्रेय वा दोष मीटरचा नाही. वेस्टवुडमध्ये १९८८ साली भर बाजारात गोळीबारात एका तरुणीचा जीव गेला होता, त्याचीही दहशत बसली. पॅसाडेनात जुन्या इमारतींवर मालकांनी स्वतःचा पैसा ओतला होता. पण दरवाढीने बाजार मरतो, हे म्हणणे पॅसाडेनाने खोटे ठरवले एवढे नक्की.

मीटरचा जन्मच मुळी व्यापाऱ्यांच्या तक्रारीतून झाला. ओक्लाहोमा सिटीत १९३५ मध्ये पहिला मीटर बसला, तासाला पाच सेंट. कारण तेच: नोकरदारांच्या गाड्या दिवसभर उभ्या, गिऱ्हाईक बाहेर.

आता दर किती असावा? शूप यांचे म्हणणे, आठ जागांतली साधारण एक नेहमी रिकामी मिळेल इतका. सॅन फ्रान्सिस्कोने २०११ पासून हेच करून पाहिले. जिथे जागा भरलेली तिथे दर थोडा वाढवायचा, जिथे रिकामी तिथे उतरवायचा. गंमत अशी की मीटरचा सरासरी दर उलट थोडा खाली आला. आपण कापडवाले तरी वेगळे काय करतो? ईदच्या आधीचा भाव आणि मोहरमनंतरचा भाव एक असतो का?

माझ्या एका ज्येष्ठ स्नेह्यांनी यावर हरकत घेतली. मदीनेच्या बाजारावर कर नसावा अशी प्रेषित मुहम्मद (स.) यांची रिवायत आहे, आणि बाजारातली जागा मस्जिदीतल्या जागेसारखी, जो आधी आला त्याची, असा हजरत उमर (रजि.) यांचा नियम सांगतात, मग रस्त्याचे भाडे कसले? हरकत वजनदार आहे. मसला उलेमांनी सांगावा, मी दुकानदार माणूस. पण त्या नियमात जागा माणूस उठेपर्यंतच त्याची असते. गाडी लावून मालक दिवसभर गायब, ही त्यातली गोष्ट नव्हे. शिवाय रस्त्यावर बसणाऱ्याने रस्त्याचा हक्क द्यावा, कोणाला त्रास देऊ नये, हेही हदीसमध्येच आले आहे. आणि जो पैसा त्याच रस्त्याच्या दिव्या-झाडूवर लागतो, त्याला मी कर म्हणण्यापेक्षा वर्गणी म्हणेन.

सांगायला लाज वाटते, पण माझ्या दुकानासमोर तीन जागा होत्या. एकीत माझी गाडी, दोहोंत माझ्या माणसांच्या मोटारसायकली. सकाळी दहा ते रात्री आठ. ड्रेस मटेरिअल घेणाऱ्या कुटुंबाला चाळीस मिनिटे लागतात. म्हणजे गाडीची एक जागा दिवसाला पंधरा कुटुंबांची. मी ती स्वतःच अडवून बसलो होतो आणि संध्याकाळी गिऱ्हाईक नाही म्हणून कुरकुरत होतो. गाडी आता लांब लावतो, पायी येतो.

तेव्हा पुढच्या वेळी दरवाढीचा प्रस्ताव आला तर नुसता बंद पुकारू नये. असोसिएशनने लेखी विचारावे की पैसा आमच्या पेठेवर किती लागणार आणि हिशेब दर वर्षी कोण दाखवणार. ठेकेदाराच्या खिशात जाणार असेल तर विरोध जरूर करावा, वेस्टवुडची गोष्ट तीच सांगते. दुसरी मागणी कारागिरांसाठी. जरीवाले, बेकरीवाले, फर्निचरवाले यांचा टेम्पो आणि हातगाडी माल उतरवायला दारापर्यंत यावीच लागते. त्यांना सकाळी अकरापर्यंत भाडे माफ आणि मालासाठी आखलेली वेगळी जागा मिळाली पाहिजे. वाढीव दर संध्याकाळचा असावा, आणि रमजानमध्ये तरावीहनंतरच्या गर्दीचे काय, ते मस्जिदीच्या विश्वस्तांना बैठकीत बोलावून आधीच ठरवून घ्यावे.