उपयोजित कलेचा विद्यार्थी व त्याचा पोर्टफोलिओ

नोकरीच्या मुलाखतीस जाणारा उपयोजित कलेचा विद्यार्थी बहुधा वर्गातील सारेच काम पोर्टफोलिओत भरतो. परंतु तेच विषय त्याच्या सहाध्यायांकडेही असतात! निवड करणाऱ्यास उमेदवाराची विचारपद्धती पाहावयाची असते.

ग्वाल्हेरच्या विद्यार्थ्यास वेगळा विषय दूर शोधावयास नको. किल्ल्यावरील चतुर्भुज मंदिराच्या इ. स. ८७६ मधील शिलालेखात बागेची लांबी २७० हात व रोजच्या हारांची संख्या ५० कोरलेली आहे; त्यांतील शून्य म्हणजे लहानसे वर्तुळ. त्या अंकांचे निरीक्षण करून बसथांब्याच्या फलकासाठी दुरून वाचता येईल असा अंकसंच रचावा. मूळ अंकांची रेखाटने, फसलेले आराखडे व अंतिम अंक क्रमाने लावावेत. प्रत्येक आराखडा का सोडला, हे त्याखाली दोन ओळींत लिहावे.