शरदातील औषधी सांदवाडी : काय काढावे, काय राखावे

आश्विन व कार्तिक हे शरद ऋतूचे दोन मास. पित्तप्रकोपाचा, विरेचनाचा व रक्तमोक्षणाचा काळ म्हणून वैद्यवर्गास तो परिचित आहे. परंतु द्रव्यसंग्रहाच्या दृष्टीनेही तो तितकाच महत्त्वाचा आहे, याकडे ज्वराच्या रुग्णांच्या गर्दीत आपले सहज दुर्लक्ष होते. घरामागील ज्या जागेस पूर्व विदर्भात सांदवाडी म्हणतात, तेथे दहा-पंधरा औषधी वनस्पती राखणारे वैद्य व लहान औषधनिर्माते आपल्यात पुष्कळ आहेत. अशा बागेतील शरदातील कामांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. आमच्या डोळ्यांसमोर आरमोरीची, वैनगंगेकाठच्या धानपट्ट्यातील बाग आहे. अन्य भागांतील वैद्यांनी आपापल्या माती-पावसानुसार दिवस मागेपुढे करावेत.

प्रथम शास्त्र. चरकाचार्यांनी कल्पस्थानाच्या पहिल्या अध्यायात त्वचा, कंद व क्षीर यांच्या ग्रहणासाठी शरद ऋतू सांगितला आहे. मुळे मात्र ग्रीष्मात किंवा शिशिरात, पाने गळून गेल्यावर अथवा पूर्ण वाढल्यावर घ्यावीत, असे म्हटले आहे. शार्ङ्गधराने याउलट वमन-विरेचनाची द्रव्ये वसंताच्या अंती व इतर सर्व कार्यांसाठी लागणारी सरस औषधी शरदात घ्यावी, असा व्यापक नियम दिला आहे. सुश्रुतसंहितेतील भूमिप्रविभागीय अध्यायात अंगपरत्वे ऋतू ठरविण्याचे मत देऊन पुढे ते अमान्य केले आहे. सौम्य द्रव्ये सौम्य ऋतूंत व आग्नेय द्रव्ये आग्नेय ऋतूंत घ्यावीत, असा तेथील निर्णय आहे. विद्यार्थीदशेत हे मतभेद आपण परीक्षेपुरते पाठ करतो. बागेत उभे राहिले म्हणजे त्यांतील विरोध बराच मावळतो, असे आमचे मत आहे. ज्या वनस्पतीचे आयुष्यच पावसाबरोबर सुरू होऊन शरदात संपते, तिच्याबाबत शार्ङ्गधराचा नियम यथार्थ ठरतो. जी वनस्पती शरदात आपला रस जमिनीखाली ओढून घेऊ लागते, तिच्यासाठी चरकोक्त प्रतीक्षा आवश्यक आहे.

पहिल्या वर्गात भुईआवळा व पालेकिराईत ही आपल्या नित्य उपयोगाची दोन द्रव्ये येतात. भुईआवळा पिवळा पडण्यापूर्वी, हिरवा व फळांनी लगडलेला असतानाच समूळ काढावा. उशीर झाल्यास पाने झडतात आणि हाती केवळ काड्या उरतात. पालेकिराईत फुलावर येऊ लागताच कापावे, कारण त्याचा कडू सारभाग मुख्यतः पानांत असतो. दोहोंची चार-सहा सशक्त झाडे बियांसाठी अवश्य सोडावीत. पालेकिराईत हे हिमालयातील किराततिक्ताच्या जागी अनेक ठिकाणी वापरले जाते. वापरणाऱ्याने वापरावे, परंतु नोंदवहीत पालेकिराईत असेच लिहावे.

दुसरा वर्ग शतावरी, सफेद मुसळी, वेखंड, हळद व आंबेहळद यांचा. येथे शरदातील खरे काम न खणण्याचे आहे. मुसळीची पाने भाद्रपद-आश्विनात पिवळी पडून जमिनीवर लोळतात. माल तयार झाला असे समजून, किंवा व्यापाऱ्याच्या घाईमुळे, ती त्याच वेळी उपटली जाते. मुसळीला व्यवहारात कंद म्हणत असले तरी ती वस्तुतः मांसल मुळे आहेत. म्हणून तिला शरदाचा कंदनियम न लावता शिशिराचा मूलनियम लावणे युक्त आहे. पाने गेल्यावर महिना-दोन महिने ती भूमीतच राहू द्यावी. साल फिकट रंगावरून गडद तपकिरी झाली म्हणजे काढावी. कोवळी मुसळी वाळविल्यावर फारच आक्रसते, हा अनुभव औषधशाळा चालविणाऱ्यांना नवा नाही. शतावरी तर याच सुमारास पांढऱ्या सुगंधी फुलांनी बहरते. तिला हात लावण्याचे कारणच नाही.

परंतु न खणण्याबरोबर एक काम करावेच लागते व ते पाने हिरवी असतानाच करावे लागते. ते म्हणजे ओळख पटवून खूण रोवणे. कार्तिक संपता संपता मुसळीचा वाफा उघडी माती दिसू लागतो आणि त्याच कुंपणाला लागून लांगली, म्हणजे कळलावी, असू शकते. श्रावण-भाद्रपदात तिची पिवळी-लाल ज्वालेसारखी फुले आणि टोकाशी तणाव्यासारखी वळलेली पाने पाहून ती कोणीही ओळखील. शरदात वेल वाळून नाहीसा होतो व नांगरासारखा वाकडा कंद तेवढा मातीत राहतो. लांगली उपविषांत गणली आहे. औषध नियमांच्या ई(१) अनुसूचीतही तिचा समावेश आहे. तिच्यातील कोल्चिसिनमुळे काही तासांत तीव्र वांती व अतिसार होतो आणि रुग्ण थोडा सावरल्यासारखा वाटत असतानाच पुढील काही दिवसांत अस्थिमज्जेवर परिणाम दिसू लागतो. श्रीलंकेत हा कंद रताळे समजून खाल्ल्यामुळे झालेल्या विषबाधा वैद्यकीय वाङ्मयात नोंदलेल्या आहेत. अशा रुग्णास विनाविलंब रुग्णालयात पाठवावे. घरगुती उपायांत वेळ दवडू नये. आमच्याकडील काही भागांत कळलावीलाच बचनाग म्हणतात व त्यामुळे वत्सनाभाशीही घोटाळा होतो. म्हणून लांगली ठेवायचीच असेल तर तिला स्वतंत्र, कुंपण घातलेला कोपरा द्यावा, वेल हिरवा असतानाच तेथे लाल रंगाची खूण रोवावी आणि घरातील मुले व गडीमाणसे यांना ती जागा दाखवून ठेवावी. लहान मुलांच्या घरी ती नसलेलीच बरी.

खुणेसाठी कागद वा खडूची अक्षरे निरुपयोगी आहेत. बांबूच्या कामटीला वाळवी लागते. पत्र्याच्या पट्टीवर खिळ्याने कोरलेले नाव मात्र वर्षानुवर्षे टिकते. त्यावर संस्कृत नाव, गावातील प्रचलित नाव व लागवडीचे वर्ष एवढे असावे. औषधशाळाचालकांस हे विशेष लागू आहे. २००० साली आलेल्या टी अनुसूचीने कच्च्या द्रव्याची ओळख व नोंद ठेवणे बंधनकारक केले आहे आणि बागेतील पट्टी ही त्या नोंदीची पहिली ओळ होय.

गुळवेलीचीही तपासणी याच काळात करावी. पुढे तिची पाने गळतात आणि नुसते खोड उरते. २०२० व २०२१ मध्ये करोनाच्या साथीत घरोघरी गुळवेल लावली गेली. त्यानंतर यकृतविकाराची काही प्रकरणे प्रसिद्ध झाली तेव्हा आयुष मंत्रालयाने टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया व टिनोस्पोरा क्रिस्पा यांतील भेद लक्षात आणून दिला. क्रिस्पाच्या करड्या खोडावर ठळक गाठी असतात व कापल्यास दुधासारखा स्राव येतो. आपल्या गुडूचीचे खोड हिरवट असते व त्यास असा चीक नसतो. त्या प्रकरणांत कोणती वेल होती याविषयी वाद झाला. परंतु त्या वादामुळे आपल्या दारच्या वेलीची परीक्षा टळत नाही. रोपवाटिकेच्या चिठ्ठीवर विसंबून राहू नये.

त्वचेसंबंधी थोडेच. बांधावर वा नदीकाठी स्वतःचा जुना अर्जुन असल्यास त्याची साल घेण्यास हा काळ योग्य. साल खोडाभोवती सर्व बाजूंनी काढल्यास झाड मरते. एका बाजूची उभी पट्टी, आतला थर राखून घ्यावी व ती जागा भरून आल्यावरच दुसऱ्या बाजूस जावे. आरमोरी परिसरात ऐन व अर्जुन यांवर या महिन्यांत कोशाच्या किड्यांचे पीक असते. त्या झाडांवर कोणाचा तरी संसार चालतो. ती झाडे वगळावीत. ऐनाची काळपट, मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली साल अर्जुनात मिसळली जाते. अखंड सालीत ती ओळखू येते, चूर्ण केल्यावर डोळ्यांना ओळखता येत नाही. तेव्हा विकत घेणाऱ्याने चूर्ण घेऊ नये.

क्षीर शरदात घ्यावे हा सामान्य नियम असला तरी स्नुहीचे क्षीर शिशिराच्या अंती, दोन-तीन वर्षांच्या झाडातून घ्यावे, असे चरकांनीच सुधाकल्पात विशेष सांगितले आहे. सांदवाडीच्या कुंपणावरील निवडुंगाला म्हणून आत्ताच चिरा देऊ नयेत.

तण काढताना मात्र सावध असावे. २०१८ साली नागपूर व आसपासच्या भागात स्क्रब टायफसचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळले होते. त्याचे सूक्ष्म किडे अशाच गवतात असतात. पायांत बूट, अंगभर कपडे आणि काम संपताच स्नान, हा नियम गड्यालाही लावावा. या ऋतूतील प्रत्येक ज्वर पित्तज म्हणून सोडून देऊ नये. काखेत, जांघेत काळी खपली आहे का ते पाहावे आणि दिसल्यास रुग्णास त्वरित डॉक्सिसायक्लिनच्या उपचारासाठी पाठवावे. गडचिरोलीत हिवतापाची रक्ततपासणी तर निरपवाद हवीच.

काढलेले पंचांग सावलीत, हवेशीर जागी पातळ पसरावे. दिवसा ऊन कडक असले तरी रात्री दव पडते, म्हणून सायंकाळी सर्व माल आत घ्यावा. एका रात्रीच्या दवाने भुईआवळ्याला बुरशी धरते. मोकळ्या झालेल्या वाफ्यांत कुजलेले शेणखत घालावे. मुसळी, शतावरी व हळदीच्या वाफ्यांवर हलक्या धानाच्या कापणीनंतर मिळणारे तणस चार बोटे पसरावे, ओल टिकते. तणस अंथरताना पत्र्याच्या पट्ट्या वर दिसत राहतील, एवढे पाहावे.