मरळ : निष्ठुर शिकारी, दक्ष पालक

गोड्या पाण्यातील शिकारी माशांमध्ये मरळीचे स्थान आगळे आहे. हिंदीत सौल, बंगालीत शोल, तेलुगूत कोर्रमीनु आणि तमिळमध्ये विराल या नावांनी परिचित असलेली ही मासळी भारतातील तळी, भातखाचरे, दलदली व संथ नद्यांत आढळते. जर्मन शास्त्रज्ञ ब्लॉख यांनी १७९३ मध्ये तिचे वर्णन केले. ‘चन्ना स्ट्रायाटा’ हे तिचे शास्त्रीय नाव होय. तेलंगणाने तिला राज्यमत्स्याचा मान दिला आहे.

सापासारखे चपटे डोके, रुंद जबडा, तीक्ष्ण दात आणि दंडगोल शरीर ही तिची प्रमुख लक्षणे. पाणवनस्पतींच्या आड ती निश्चल दबा धरून बसते आणि लहान मासा, बेडूक वा कीटक टप्प्यात येताच क्षणार्धात झडप घालते. तिची भूक स्वजातीयांनाही सोडत नाही. म्हणूनच मत्स्यसंवर्धनात पिलांची आकारानुसार वेळोवेळी विभागणी करावी लागते. अन्यथा मोठी पिले लहानांना गिळंकृत करतात.

तिची श्वसनव्यवस्थाही विलक्षण आहे. कल्ल्यांच्या वर असलेल्या, रक्तवाहिन्यांनी समृद्ध अशा कप्प्यांतून ती हवेतील प्राणवायू शोषून घेते. केवळ कल्ल्यांवर तिचा निर्वाह होत नाही. पृष्ठभागावर येण्यास अटकाव झाल्यास ही मासळी पाण्यातच गुदमरून मरते! मात्र याच व्यवस्थेमुळे आटत्या तळ्याच्या ओल्या चिखलातही ती तग धरू शकते.

असा हा निष्ठुर शिकारी पालक म्हणून मात्र अत्यंत दक्ष असतो. पावसाळ्यात नर-मादी उथळ पाण्यातील वनस्पती बाजूला सारून घरट्यासाठी जागा मोकळी करतात. तेथे पाण्यावर तरंगणाऱ्या अंड्यांतून एक ते तीन दिवसांत पिले बाहेर येतात. लालसर नारिंगी पिलांचा दाट थवा पाण्यात फिरू लागतो आणि त्याच्याखाली पालकांचा पहारा असतो. जवळ येणाऱ्यावर ते त्वेषाने धावून जातात.

दुर्दैवाने हा थवाच पालकांचा ठावठिकाणा उघड करतो. जाणकार मासेमार तेथेच गळ टाकतो आणि रक्षणासाठी धावलेली मरळ सहज हाती लागते. पहारा उठताच असहाय पिले इतर भक्षकांच्या तोंडी पडतात. एका मरळीच्या लोभाने संपूर्ण पिढी गमावणे म्हणजे व्याजाच्या मोहात मुद्दलच बुडविणे होय. विणीच्या काळात पिलांसह फिरणाऱ्या मरळीला अभय देण्यातच तळ्याचे आणि मासेमाराचेही खरे हित आहे.